नोकरीसाठी महानगरात जाताना मुलाबाळांसाठी उपनगर कसे निवडावे?

नवे_बिऱ्हाड

माझ्या नव्या नोकरीमुळे येत्या काही महिन्यांत आम्हाला एका महानगरात बिऱ्हाड हलवावे लागणार आहे. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एखाद्या वस्तीची शिफारस मिळण्यापेक्षा ही निवड कोणत्या निकषांवर करावी हे मला समजून घ्यायचे आहे. घरात आम्ही पतिपत्नी, १३ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि माझ्या सासूबाई असे पाच जण आहोत. माझे कार्यालय शहराच्या मध्यवर्ती भागात असून आठवड्यातून तीन दिवस तेथे हजर राहणे बंधनकारक आहे. पतीला नोकरी तेथे गेल्यावरच शोधावी लागेल आणि ती शहराच्या कोणत्या टोकाला मिळेल हे आज सांगता येत नाही.

आमच्यासमोर तीन पर्याय आहेत. कार्यालयाजवळच्या जुन्या भागात दोन खोल्यांचे घर परवडते. मधल्या पट्ट्यातील, रेल्वे स्थानक असलेल्या एका जुन्या उपनगरात तीन खोल्या मिळू शकतात. शहराच्या अगदी कडेला नव्याने वसलेल्या उपनगरात तेवढ्याच भाड्यात प्रशस्त घर, बाग आणि गाडीसाठी जागा मिळते. तेथे रेल्वे अजून पोहोचलेली नाही, पण लवकरच येणार असल्याचे सांगितले जाते. घरातील प्रत्येक चर्चा शेवटी खोल्यांच्या संख्येवर येऊन थांबते. ज्यांनी मुलाबाळांसह असे स्थलांतर केले आहे त्यांनी, तसेच या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दूरचा_प्रवासी

तुम्ही तिन्ही पर्यायांचे वर्णन घरापासून सुरू केले आहे. मी सुचवेन की प्रथम कामाचा एक साधा दिवस कागदावर मांडावा. घरातील पहिला माणूस उठतो तेव्हापासून शेवटचा माणूस झोपतो तोपर्यंत पाचही जण कोणत्या वेळी कोठे असतील, कोण कोणाला सोडेल, कोण कोणाला आणील आणि संध्याकाळी सगळे एकत्र किती वाजता जमतील, हे प्रत्येक उपनगरासाठी वेगवेगळे लिहून पाहावे. घर पाहायला आपण सुट्टीच्या दिवशी जातो, तेव्हा रस्ते मोकळे असतात आणि कोणालाही घाई नसते, त्यामुळे जो दिवस पुढे वर्षानुवर्षे जगायचा आहे तो त्या भेटीत दिसतच नाही.

माझा मुख्य मुद्दा रोजच्या प्रवासाचा आहे. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये, याकोव्ह झहावी यांच्या वाहतूकविषयक कामाचा आधार घेऊन, असे मांडले की वेगवेगळ्या काळांत आणि समाजांत माणसे दिवसाला सरासरी सुमारे एक तासच प्रवासात घालवत आली आहेत. वाहने वेगवान झाली तेव्हा हा वेळ कमी झाला नाही, तर शहरे पसरली. हा काही निसर्गनियम नव्हे, परंतु मोजमाप म्हणून तो उपयोगी आहे. जाऊन-येऊन एका तासाच्या पलीकडे जो वेळ जातो तो कोठून तरी काढला जातो, आणि लहान मुले असलेल्या घरात तो बहुधा झोपेतून किंवा मुलांच्या संध्याकाळीतून काढला जातो.

मोठे घर आणि कमी भाडे यांनी लांबच्या प्रवासाची भरपाई होते, असे आपण गृहीत धरतो. आलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या स्वित्झर्लंडमधील अर्थशास्त्रज्ञांनी नेमके हेच जर्मनीतील दीर्घकालीन कौटुंबिक सर्वेक्षणाच्या आधारे तपासले. त्यांचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. भरपाई खरोखर होत असती, तर लांबून येणाऱ्यांचे समाधान जवळ राहणाऱ्यांइतकेच असायला हवे होते, पण लांबून येणाऱ्यांनी आयुष्याविषयीचे समाधान सातत्याने कमी असल्याचे सांगितले. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसातील प्रत्येक कामाच्या वेळी मनःस्थिती कशी होती हे विचारले, तेव्हा सकाळचा कामावर जातानाचा प्रवास यादीत अगदी तळाशी होता. मला वाटते, याचे कारण असे की मोठ्या खोलीची आपल्याला थोड्याच दिवसांत सवय होते, मात्र खोळंबा रोज नव्या रूपात समोर येतो आणि त्याची सवय होत नाही.

मोजताना घराच्या दारापासून कार्यालयातील खुर्चीपर्यंतचा वेळ मोजा. स्थानकापर्यंतचे चालणे, गाडीची वाट पाहणे, गाडी बदलणे आणि उद्वाहनासमोरची रांग हे सगळे त्यात धरले पाहिजे. सरासरीइतकेच महत्त्व वाईट दिवसाला द्या. पालकांसाठी सकाळी उशीर होणे एक वेळ चालते, पण संध्याकाळी शाळा किंवा पाळणाघर बंद होण्याच्या वेळेला पोहोचता येईल याची खात्री नसणे फार जाचक ठरते. दर पाच मिनिटांनी गाडी असलेले थोडे दूरचे स्थानक हे दर अर्ध्या तासाने गाडी असलेल्या जवळच्या स्थानकापेक्षा मला अधिक भरवशाचे वाटते. एक मार्ग बंद पडला तर दुसरा आहे का, हेही विचारा.

पतीच्या नोकरीबद्दल एवढेच सांगतो की ती कोठे मिळेल हे माहीत नसताना, जेथून एकाहून अधिक नोकऱ्यांच्या भागांत थेट जाता येते असे ठिकाण निवडणे शहाणपणाचे आहे. दोन मार्ग एकत्र येतात अशा स्थानकाजवळचे उपनगर या दृष्टीने उजवे ठरते. कडेच्या उपनगरातून तुमचा प्रवास कसाबसा जमला तरी त्यांना विरुद्ध टोकाला नोकरी मिळाल्यास संध्याकाळी मुलांजवळ दोघांपैकी कोणीही वेळेवर पोहोचणार नाही.

मोकळे_अंगण

वरील प्रतिसादातील बहुतेक मुद्दे मान्य करूनही मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण आम्ही शहराच्या कडेला राहतो आणि आमचे कुटुंब तेथे सुखात आहे. पाच माणसांचे घर दोन खोल्यांत बसवणे ही किरकोळ अडचण नाही. १३ वर्षांच्या मुलीला अभ्यासासाठी आणि थोडे एकटे राहण्यासाठी जागा लागते, सासूबाईंना शांतता लागते आणि तुम्ही आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणार असाल तर बंद होणारे दार असलेली एक खोली लागते. ती नसेल तर प्रवासात वाचलेला वेळ घरातील कुरबुरींत जातो.

शिवाय किलोमीटर किंवा मिनिटे यांवरून प्रवासाचा त्रास पूर्णपणे कळत नाही. मी जेथून गाडी पकडतो तेथून ती सुटते, त्यामुळे मला रोज बसायला जागा मिळते आणि तो वेळ वाचनात जातो. मधल्या स्थानकावर गर्दीत लोंबकळत चढणाऱ्याचा प्रवास माझ्याहून निम्मा असला तरी तो माझ्याहून अधिक थकून घरी येतो, हे मी पाहतो.

तरीही दोन अटी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. आमच्याकडे पत्नीची नोकरी उपनगरातच, शाळेपासून जवळ आहे, म्हणून हे जमते. दोघांनाही शहरात जावे लागणार असेल तर मी या पर्यायाची शिफारस करणार नाही. दुसरे म्हणजे, घरून काम करण्याची सवलत हा कार्यालयाचा निर्णय असतो आणि तो बदलू शकतो. करारात तसे लिहून मिळाले नसेल तर पाचही दिवस जावे लागेल असे धरूनच हिशेब करा, आणि त्या हिशेबातही उपनगर पटले तरच पुढे जा.

शाळेची_घंटा

मी शिक्षिका आहे आणि वर्षाच्या मध्ये नव्या गावातून आलेली मुले दरवर्षी पाहते, म्हणून शाळेविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

पहिला प्रश्न असा विचारा की प्रवेश कशाच्या आधारे मिळतो. अनेक ठिकाणी प्रवेश घराच्या पत्त्यावरून ठरतो आणि शाळेची हद्द एखाद्या रस्त्याच्या मधोमध संपते, त्यामुळे समोरासमोरच्या दोन इमारतींतील मुले वेगवेगळ्या शाळांत जाऊ शकतात. घर दाखवणारा माणूस 'शाळा जवळच आहे' असे म्हणतो तेव्हा तो अंतर सांगत असतो, प्रवेशाची खात्री देत नसतो. ही हद्द आणि त्या इयत्तेत जागा शिल्लक आहे का, हे दोन्ही शाळेकडून किंवा शिक्षण खात्याकडून लेखी विचारून घ्या. नव्याने वसलेल्या उपनगरांत तरुण कुटुंबे एकाच वेळी येतात, त्यामुळे तेथील शाळा बहुधा प्राथमिक वर्गांतच भरून जातात आणि वरच्या इयत्तांची सोय बऱ्याच काळानंतर होते. तुमच्या मुलीच्या दृष्टीने हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

दुसरे म्हणजे, केवळ निकालाच्या टक्केवारीवरून शाळा निवडू नका. शाळेचा सरासरी निकाल बऱ्याच अंशी तेथे येणाऱ्या मुलांच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून असतो आणि शाळा त्यांना किती पुढे नेते हे त्यातून फारसे कळत नाही. मी पालकांना विचारायला सांगते ते प्रश्न वेगळे आहेत. एका वर्गात किती मुले आहेत, शिक्षक किती वर्षे टिकतात, मध्येच आलेल्या मुलाला सामावून घेण्याची काही पद्धत आहे का, मागे पडलेल्या विषयासाठी वेगळा वेळ दिला जातो का आणि शाळा सुटल्यानंतर पालक येईपर्यंत मूल कोठे थांबते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत मिळाले, तर दोघेही नोकरी करणाऱ्या घराने ती शाळा गंभीरपणे बाजूला ठेवावी.

तिसरा मुद्दा वयाचा आहे. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यू यॉर्क येथील अतिशय गरीब वस्त्यांतील कुटुंबांना सोडतीने कमी गरिबीच्या वस्त्यांत जाण्यासाठी घरभाड्याची मदत देण्यात आली. राज चेट्टी, नॅथॅनियल हेन्ड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी त्या मुलांचा पुढे मागोवा घेतला. १३ वर्षांच्या आत स्थलांतर झालेल्या मुलांचे पंचविशीच्या सुमाराचे उत्पन्न तुलनेच्या गटातील मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्के अधिक आढळले, परंतु त्याहून मोठ्या वयात गेलेल्या मुलांना असा लाभ दिसला नाही, उलट थोडासा तोटाच दिसला. तुमची परिस्थिती त्या कुटुंबांसारखी नाही, त्यामुळे ते आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. दोन गोष्टी मात्र त्यातून घेण्यासारख्या आहेत. आजूबाजूच्या वस्तीचा मुलांवर परिणाम होतो, पण तो वर्षानुवर्षे राहिल्याने होतो. आणि किशोरवयात मैत्रिणी व शाळा सुटण्याचा आघात नव्या जागेच्या फायद्याहून मोठा ठरू शकतो.

म्हणून माझी कळकळीची सूचना अशी आहे की दोन मुलांच्या गरजांची सरासरी काढू नका. ८ वर्षांचा मुलगा कोणत्याही बऱ्या वस्तीत काही महिन्यांत रुळेल. मुलीला मात्र तिच्या वयाच्या मुली, तिचा खेळ किंवा कला शिकवणारे ठिकाण आणि कोणावर अवलंबून न राहता ये-जा करण्याची सोय हे तिन्ही लागेल. तिसऱ्या पर्यायात ती प्रत्येक गोष्टीसाठी तुमच्या गाडीची वाट पाहील. ब्रिटनमध्ये मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत १९७१ मध्ये इंग्लंडमधील ७-८ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात होती आणि १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते. पालकांच्या मनातील मुख्य भीती वाहनांची होती. मूल स्वतः चालत जाऊ शकेल अशी वस्ती निवडणे म्हणजे त्याच्या बालपणाचा एक मोठा भाग त्याला परत देणे आहे, असे मी मानते.

नगररचना_विद्यार्थी

शाळेची_घंटा यांच्या शेवटच्या वाक्याला माझ्या विषयातून पुस्ती जोडतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधील एकमेकांसारख्याच तीन रस्त्यांची पाहणी केली. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २ हजार वाहने जात, दुसऱ्यावरून ८ हजार आणि तिसऱ्यावरून १६ हजार. कमी वाहतुकीच्या रस्त्यावरील रहिवाशांना आपल्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, तर सर्वाधिक वाहतुकीच्या रस्त्यावरील रहिवाशांना एकही पुरता नव्हता, सरासरी ०.९ होती. नव्या शहरात कोणीच ओळखीचे नसलेल्या कुटुंबाने हा निष्कर्ष मनावर घ्यावा, कारण शेजार मिळणार की नाही हे उपनगराच्या नावावर कमी आणि तुमच्या दारासमोरच्या रस्त्यावर अधिक अवलंबून असते. एकाच उपनगरात दोन गल्ल्यांच्या अंतरावर हा फरक असू शकतो.

अमेरिकी नगररचनाकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये शेजारवस्तीची जी कल्पना मांडली तिच्या केंद्रस्थानी प्राथमिक शाळा होती. घरापासून शाळा साधारण पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या टप्प्यात असावी, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत आणि मुलांना ते ओलांडावे लागू नयेत, असा तिचा गाभा होता. त्यांच्या आराखड्यावर पुढे टीका झाली आणि ती बऱ्याच प्रमाणात योग्यही आहे, पण पालकांसाठी ही कसोटी आजही कामाची आहे. तुमच्या निवडलेल्या घरापासून शाळेपर्यंत, बागेपर्यंत आणि किराणा दुकानापर्यंत जाताना वेगवान रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने बागेबाबत असे सुचवले आहे की अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हिरवी जागा घरापासून ३०० मीटरच्या आत असावी. इमारतीच्या आवारातील हिरवळीचा तुकडा मी यात धरणार नाही, कारण तेथे मुले दोन वर्षांत कंटाळतात आणि मोठी मुले चेंडू घेऊन आली की तक्रारी सुरू होतात.

हवा आणि आवाज या दोन गोष्टी घर पाहताना हमखास निसटतात. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार मोठ्या रस्त्याच्या वाहनांतून निघणाऱ्या प्रदूषणाचा सर्वाधिक परिणाम रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंत जाणवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. बहुतेक मोठी शहरे ती पाळू शकत नाहीत, म्हणून शहराच्या सरासरीपेक्षा आपले घर आणि मुलांची शाळा महामार्गापासून किती लांब आहेत हे पाहणे आपल्या हातात उरते. आवाजाबाबत याच संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरील वाहतुकीसाठी दिवस-रात्र मिळून पूर्ण चोवीस तासांची सरासरी ५३ डेसिबलच्या आणि केवळ रात्रीची ४५ डेसिबलच्या खाली असावी, असे सुचवले. म्युनिक येथील जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला, तेव्हा दोन्ही ठिकाणच्या मुलांची पाहणी करण्यात आली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकालीन स्मरण मागे पडले, तर जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे आवाज थांबल्यावर सुधारले. तुमचे घर किंवा शाळा विमानांच्या उतरण्याच्या मार्गाखाली येते का, हे नकाशावर आधीच पाहता येते.

शेवटचा मुद्दा 'येणाऱ्या' रेल्वेचा. आज धावत असलेली सेवाच हिशेबात धरा. मोठे वाहतूक प्रकल्प लांबणे हे नेहमीचेच आहे, आणि तुमच्या मुलीची शाळेची वर्षे त्यांच्यासाठी थांबणार नाहीत. उलट त्या भागाचा विकास आराखडा अवश्य पाहा, कारण समोरच्या मोकळ्या मैदानावर पुढे रुंद रस्ता आखलेला आहे की शाळेसाठी जागा राखून ठेवली आहे, हे त्यातच कळते. जमीन सखल असेल तर मोठ्या पावसात पाणी कोठपर्यंत चढते, हे तळमजल्यावर राहणाऱ्या जुन्या रहिवाशालाच विचारा.

नवे_बिऱ्हाड

सर्वांचे मनापासून आभार. पाचही जणांचा दिवस कागदावर मांडून पाहिला आणि तिसऱ्या पर्यायात मी व मुले जागेपणी एकत्र असण्याचा वेळ किती थोडा उरतो, हे स्पष्ट दिसले. पतीलाही ते पटले आहे. आता पहिला आणि दुसरा पर्याय यांत निवड करायची आहे. दोन शंका उरतात. सासूबाई दिवसभर घरी असतील; त्यांच्या बाजूने काय पाहावे? आणि एका नातेवाइकांचा आग्रह आहे की भाडे वाया घालवण्यापेक्षा आल्या आल्या घर विकत घ्यावे. त्यावर तुमचे मत काय?

सायंकाळचा_बाक

मी निवृत्त असून मुलाच्या बदलीमुळे महानगरात आलो, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर देतो. उपनगर सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत पाहा. कामावर जाणारी माणसे निघून गेल्यावर रस्त्यावर कोणी उरते का, ही वृद्धांसाठी खरी परीक्षा आहे. काही उपनगरे या वेळेत इतकी ओस पडतात की बोलायला माणूस मिळत नाही. दवाखाना, औषधांचे दुकान आणि वाचनालय चालत गाठता यावे, वाटेत टेकायला बाक असावेत, पदपथ सलग असावा आणि सिग्नल हळू चालणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडण्याइतका वेळ देणारा असावा. उद्वाहन बंद पडल्यास किती जिने चढावे लागतील, हेही मोजा.

आणखी एक विनंती करतो. घर ठरवण्यापूर्वी सासूबाईंना तेथे घेऊन जा आणि त्यांचे मत निर्णयात धरा. आपले गाव, ओळखी आणि सवयी सोडण्याची सर्वांत मोठी किंमत बहुधा घरातील ज्येष्ठ माणूसच देतो, आणि त्याला विचारले जाते ते सामान बांधून झाल्यावर.

भाडेकरार

विकत घेण्याबाबत माझे मत ठाम आहे : पहिले शैक्षणिक वर्ष भाड्याने राहा. घर खरेदी करताना मुद्रांक शुल्क, दलाली, कर्जाचे शुल्क असे परत न मिळणारे खर्च होतात, आणि एक-दोन वर्षांत ते घर विकावे लागले तर ते भरून निघत नाहीत. पतीची नोकरी कोठे असेल हेच ठाऊक नसताना एवढी मोठी गाठ मारणे योग्य नाही. भाडे वाया जाते असे म्हणणे मला पटत नाही, कारण त्या पैशात तुम्ही निर्णय बदलण्याची मुभा विकत घेत असता.

भाड्यांची तुलना करताना नुसते भाडे समोर ठेवू नका. शिकागोतील सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी ही संस्था घरखर्च आणि वाहतूकखर्च एकत्र धरते आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असतील तरच ती जागा परवडणारी मानते. कडेच्या उपनगरात दुसरी गाडी, तिचे इंधन आणि विमा, तसेच संध्याकाळी उशिरापर्यंत मुलांना सांभाळण्याचा खर्च मिळवला की स्वस्त दिसणारे भाडे बहुधा स्वस्त राहत नाही. हाच हिशेब तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायासाठीही करा.

करारात दोन कलमे नीट वाचा. किती काळ घर सोडता येणार नाही आणि मुदत संपल्यावर भाडे किती वाढवता येईल, हे आकड्यांत लिहिलेले असावे. मालक स्वतः राहायला येण्यासाठी किंवा विकण्यासाठी घर मध्येच रिकामे करून मागू शकतो का, हेही विचारा. शाळेचे वर्ष चालू असताना तसे झाले तर मुलांची फरफट होते.

शाळेची_घंटा

भाडेकरार यांच्या सल्ल्याला माझी एक महत्त्वाची हरकत आहे. आज भाड्याने एका भागात राहायचे आणि वर्षाने दुसऱ्या भागात घर घ्यायचे, असे झाले तर मुलीला दोन वर्षांत दोन शाळा बदलाव्या लागतील. या वयात एक बदल ती पेलेल, दुसरा तिच्यावर लादू नये. त्यामुळे भाड्याने राहायचे असेल तर जेथे पुढे कायमचे राहणे शक्य वाटते अशाच शाळेच्या हद्दीत राहा.

भाडेकरार

ही हरकत मला पूर्णपणे मान्य आहे आणि माझ्या सल्ल्यात ती जोडून वाचावी. क्रम असा असावा : आधी मुलीची शाळा ठरवावी, मग त्या शाळेच्या हद्दीत भाड्याचे घर शोधावे आणि पुढे विकत घ्यायचे झाल्यास त्याच हद्दीत किंवा तेथून मुलगी स्वतः ये-जा करू शकेल इतक्या अंतरावर घ्यावे. गल्ली, इमारत आणि मजला नंतर बदलला तरी चालतो.

नवे_बिऱ्हाड

हा क्रम आम्हाला पटला. मधल्या पट्ट्यातील उपनगराच्या शाळेशी पत्रव्यवहार केला असून मुलीच्या इयत्तेत जागा असल्याचे आणि वर्षाच्या सुरुवातीला प्रवेश मिळू शकेल असे लेखी उत्तर आले आहे. मुलाची शाळा त्याच आवारात आहे. आता हद्दीतील दोन घरे पाहायची आहेत. एक स्थानकाला लागून असलेल्या मुख्य रस्त्यावर आहे, दुसरे आतल्या गल्लीत असून स्थानकापर्यंत साधारण १२ मिनिटे चालावे लागते. सासूबाई, मुलगी आणि आम्ही दोघे एकत्र जाणार आहोत. एका भेटीत नेमके काय पाहावे?

नगररचना_विद्यार्थी

जमल्यास कामाच्या दिवशी जा आणि सकाळी शाळा भरण्याच्या वेळेआधी अर्धा तास तेथे पोहोचा. मुले चालत येत आहेत की प्रत्येक मूल गाडीतून उतरवले जात आहे, हे पाहिल्यावर वस्तीतील रस्त्यांविषयी पालकांना काय वाटते ते कळेल. मग मुलीला पुढे चालू द्या आणि दोन्ही घरांपासून शाळेपर्यंतची वाट तिलाच शोधायला सांगा. जेथे ती थबकेल त्या जागा टिपून ठेवा. तुम्ही स्वतः गर्दीच्या वेळी स्थानकावरून कार्यालयापर्यंत एकदा जाऊन परत या, तोवर सासूबाई आणि पती दुपारची वस्ती पाहतील. मुख्य रस्त्यावरच्या घरात खिडक्या उघड्या ठेवून नेहमीच्या आवाजात बोलून पाहा आणि झोपण्याच्या खोल्या रस्त्याच्या बाजूला आहेत की मागे, हे विचारा. अंधार पडल्यावर आतल्या गल्लीतून स्थानकापर्यंत चालत जा आणि दिवे कोठे नाहीत, दुकाने कितीपर्यंत उघडी असतात, वाटेत माणसे दिसतात का ते पाहा, कारण हिवाळ्यात तुमची परतीची वेळ तीच असेल. माझा कल आतल्या गल्लीकडे आहे, परंतु रात्रीची ती वाट तुम्हाला आणि मुलीला निर्धास्त वाटली नाही, तर मुख्य रस्त्यावरच्या घरातील मागच्या बाजूच्या खोल्या मी अधिक पसंत करेन.